छायाचित्रांचे दप्तर आणि काढणाऱ्याचे नाव

लग्नसराई आली की छायाचित्रकाराच्या संगणकात हजारो चित्रांचा ढीग साचतो. हा ढीग लावून देणारे एक लहानसे साधन थोड्या खटपटीने घरच्या घरी बनवता येते. ते कसे, हे आज पाहावयाचे आहे.

पहिली अडचण फाइलच्या नावाची. कॅमेरा चित्राला चार अक्षरे आणि चार आकडे एवढेच नाव देतो, आणि ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून मोजू लागतो. गिरणीत दोन कामगारांना एकाच नंबरचा बिल्ला दिला तर पगाराच्या दिवशी जो घोळ होईल, तोच येथे होतो. घाईत जुन्या चित्रावर नवे बसते आणि जुने कायमचे जाते. तेव्हा नावावर विसंबू नये, फाइलच्या पोटात पाहावे. १९९५ साली जपानमध्ये एक्झिफ नावाचे प्रमाण ठरले. त्यानुसार चित्र कोणत्या दिवशी, कोणत्या सेकंदाला, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले, ही नोंद चित्राबरोबरच राहते. (अर्थात कॅमेऱ्याचे घड्याळच चुकले असेल तर आपले साधन बिचारे काय करणार! दोन कॅमेरे वापरणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन्ही घड्याळे जुळवावीत.)

साधन पायथॉन या संगणकभाषेत लिहावे. ती फुकट मिळते, आणि पडद्यावर खिडकी व बटणे काढण्याची सोय तिच्यात आहे. नोंद वाचण्या-लिहिण्यासाठी एक्झिफटूल हे २००३ पासून फुकट मिळणारे अवजार तिला जोडावे. खिडकीत दोनच प्रश्न असावेत: चित्रे कोठून घ्यावयाची आणि कोठे ठेवावयाची. बटण दाबताच साधनाने नोंदीतली तारीख वाचावी, त्या दिवसाचा फोल्डर करावा, आणि तारीख-वेळ हेच नाव देऊन चित्राची नक्कल तेथे ठेवावी. एका सेकंदात चार चित्रे निघतात, म्हणून शेवटी क्रमांक जोडावा.

नक्कल झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. शा-२५६ ही गणिती रीत अख्ख्या फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा काढते. मूळ आणि नक्कल यांचे ठसे जुळले तरच नक्कल खरी मानावी, आणि तो ठसा साधनाने आपल्या नोंदवहीत टिपून ठेवावा. तेच चित्र पुन्हा आले तर त्यावरून ओळखू येते. मात्र दुबार चित्र फक्त दाखवावे, पुसू नये. पुसण्याचा अधिकार माणसाचा. या बाबतीत मी हट्टी आहे.

ठसा जुळल्यानंतरच नकलेच्या एक्झिफमध्ये कर्त्याच्या रकान्यात नाव भरावे, कारण एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. नाव कोणाचे? ज्याने चित्र काढले त्याचे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्र काढणारा तोच त्याचा कर्ता. नोकरीत किंवा गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन काढले असेल, तर उलट करार नसल्यास मालकी दुसऱ्याकडे जाते. कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क मात्र त्याचाच राहतो. स्टुडिओत राबणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले की ही नोंद गळून पडते. दस्तऐवज म्हणून पाठवले तर नावासकट पोहोचते.