मोठ्या सोसायटीत लहान घर

आपली लेकरं पुण्याला, संभाजीनगरला कामाला जातात अन् शहराच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतात. २०१३ पासून राज्यात नियम आहे. १० लाखांवर लोकवस्तीच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर इमारती उठल्या, तर २० टक्के बांधकाम कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या लहान घरांसाठी ठेवावं लागतं. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून मिळतात.

अर्जाआधी तीन गोष्टी विचारा: शाळा किती लांब? पाणी किती वेळ? देखभालीचा महिना किती? घर स्वस्तात मिळालं तरी लिफ्ट, पंप, वॉचमनचा खर्च दरमहा असतोच. तो हप्त्यात धरूनच हिशोब मांडा. दलालाला पैसे देऊ नका. आणि कागदावर सुनेचंही नाव लावा.