६० हजार पळालेली गाडी विकताना

धाराशिव जिल्ह्यात एमएच-२५ ची जुनी स्प्लेंडर विकायला फार खटपट लागत नाही. ६०-७० हजार किलोमीटर पळालेली हिमालयन किंवा डोमिनार काढली, की मात्र बघायला गर्दी होते आणि खरा घेणारा बहुधा सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याचा निघतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: रनिंग किती?

मीटर पाडून देणारे भेटतात, पण त्यांच्या नादी लागू नका. शोरूममध्ये प्रत्येक सर्व्हिसला आकडा नोंदलेला असतो आणि मीटर पाडणं ही सरळ फसवणूक आहे. शिवाय जास्त रनिंगमध्ये लपवण्यासारखं काही नसतंही. सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर सोडून येरमाळ्याकडे वरच्या गिअरमध्ये एका लयीत निघालेल्या गाडीचा क्लच फारसा वापरलाच जात नाही. सिग्नलगणिक थांबणारी गाडी निम्म्या रनिंगमध्येही जास्त झिजलेली असू शकते. पण हे तोंडी कुणाला पटत नाही. ऑइल, चेनसेट, ब्रेक पॅड, टायर यांची बिलं तारखेनुसार लावून समोर ठेवा. पॉलिशपेक्षा हा गठ्ठा जास्त पैसे मिळवून देतो.

जाणता गिऱ्हाईक गाडी थंड असतानाच सुरू करून बघतो, म्हणून तो यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका, संशय येतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन तो बोटाने मागे ओढेल. दात उघडा पडला तर चेनसेट संपत आलाय. पुढच्या फोर्कवर ऑइल दिसतंय का, हँडल मध्यावर अडकतंय का, हेही बघेल. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२२ म्हणजे टायर २०२२ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चेनसेट आणि ऑइल सील आधीच बदललेलं बरं. इंजिन मात्र विकण्यासाठी खोलू नये. नुकतंच खोललेलं इंजिन म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतो. लगेज बॉक्स, जादा दिवे यांचे पैसे गाडीच्या किमतीत क्वचितच वसूल होतात. ते काढून वेगळे विका. सायलेन्सर बदलला असेल तर मूळचा परत बसवा.

खरी जोखीम पैसे हातात आल्यावर सुरू होते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच अंगावर टाकली. त्यामुळे ‘नाव नंतर करून घेतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून तर अजिबातच नको.

आधी चलनं भरा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या. फॉर्म २९ तुमचा, विकल्याची खबर देणारा. फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. घेणारा राज्यातलाच असेल तर विकल्याची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते. उमरग्याची गाडी कलबुर्गी किंवा बीदरला जायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तिकडचा कर घेणाऱ्याला भरावा लागतो, त्यामुळे तो भावात घासाघीस करणारच. गाडी डीलरला देत असाल तर तो परिवहन खात्याचा अधिकृत विक्रेता आहे का ते विचारा. तसा असेल तर गाडी ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने ऑनलाइन होते.

ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या करा. परिवहनच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत तो कागद जपून ठेवा. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या: ती सवलत गाडीबरोबर जात नाही, तुमच्या पुढच्या गाडीला चालते.