तिसरं कडवं
(गोष्ट सांगणारी गाणी : भाग ६)

नॅशविलचे गीतकार जोडीनं बसून तीन-चार मिनिटांच्या गाण्यात अख्खी गोष्ट कशी बसवतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज अशाच एका जोडीचं गाणं घेऊ. पॅट अल्जर आणि गार्थ ब्रूक्स यांचं ‘द थंडर रोल्स’.

पहाटेचे साडेतीन वाजलेत, आभाळ फाटायच्या बेतात आहे. नवरा दुसऱ्या बाईकडून घरी निघालाय आणि बायको जागी आहे. पावसानंच त्याला उशीर झाला असू दे, आपला संशय खोटा ठरू दे, एवढीच तिची प्रार्थना. गाडी दारात येते, ती धावत जाऊन त्याला बिलगते आणि वाऱ्याबरोबर तिला परक्या अत्तराचा वास येतो. तिला कळलं, हे त्यालाही कळतं. रेकॉर्डवरचं गाणं इथेच थांबतं.

गाणारा ब्रूक्सच, आणि तो हे सगळं बाहेर उभा राहून सांगतो, शाहिरानं सांगावं तसं. तो ना नवऱ्याची बाजू घेतो, ना बायकोची. मेघगर्जनेनं सुरुवात, मायनर पट्टीत संथ वाजणारी गिटार आणि प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा तोच गडगडाट. पहिल्यांदा तो आभाळातला वाटतो, दुसऱ्यांदा घरातला. शब्द तेच, पण मधल्या कडव्यानं त्यांचा अर्थ पालटलेला असतो. ध्रुवपदाचा इतका नेमका उपयोग मी फार थोड्या गाण्यांत ऐकलाय.

गाण्याला तिसरं कडवंही आहे. त्यात बायको खोलीत जाऊन खणातलं पिस्तूल काढते. गायिका टान्या टकरनं या कडव्यासह हे गाणं ब्रूक्सच्या आधीच ध्वनिमुद्रित केलं होतं, पण ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्रूक्सनं १९९० च्या ‘नो फेन्सेस’ अल्बममध्ये हे कडवं गाळलं. मैफलीत मात्र तो ते गायचा आणि लोक त्याचीच वाट पाहत.

१९९१ मध्ये गाणं सिंगल म्हणून आलं आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बड शेट्झल यानं व्हिडिओ दिग्दर्शित केला. खोटी दाढी, विग आणि चष्मा लावून ब्रूक्स स्वतःच नवरा झाला. आता हा नवरा नुसता बाहेरख्याली नाही, बायकोला मारतोही. त्यांची लहान मुलगी ते पाहते. शेवटी बायको गोळी झाडते.

गाण्याच्या शब्दांत मारहाण कुठेच नाही. ती चित्रानं आणली आणि फसवणुकीचं गाणं घरातल्या छळाचं झालं. टीएनएन आणि सीएमटी या दोन्ही कंट्री वाहिन्यांनी व्हिडिओ दाखवायचं बंद केलं. टीएनएनला व्हिडिओच्या शेवटी ब्रूक्सचं निवेदन हवं होतं. ते जोडलं गेलं नाही. व्हीएच१ या वाहिनीनं मात्र व्हिडिओ दाखवला. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याला वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरवलं.

गाणं म्हणून मला दोन कडव्यांचंच पसंत आहे. त्या अत्तराच्या वासानंतर काहीही सांगायची गरज उरत नाही. पण व्हिडिओ केला हे फार बरं झालं, असंच मी म्हणेन. दारू, विरह, बेइमानी यांवर कंट्री संगीतात गाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. बंद दारामागे मार खाणारी बाई मात्र त्या वाहिन्यांच्या पडद्यावर क्वचितच दिसायची. तिला तिथे आणायला त्या क्षणी सर्वांत लाडका असलेला गायक स्वतः खलनायक झाला, आणि याला धैर्य लागतं.

ऐकताना क्रम पाळा. आधी रेकॉर्डवरचं गाणं, मग मैफलीतलं, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. पुढच्या आठवड्यात टान्या टकर. ‘डेल्टा डॉन’ गायली तेव्हा ती तेरा वर्षांची होती.