फाळक्यांना परत आणणारा मथळा

कुवेतमधल्या फहाहीलच्या मराठी घरांत सिनेमाची खबर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येते. कुठे, कधी, तिकीट किती दिनार, सगळं एका निरोपात. शंभर वर्षांपूर्वी हे काम छापील कागदाचं होतं, आणि मराठी मुलखात त्याने निव्वळ जाहिरातीपलीकडचे उद्योग केले.

मुळात दादासाहेब फाळके आले तेच छापखान्यातून. ब्लॉक करणं, रंगीत छपाई यांत हात बसलेला. भागीदारांशी बिनसलं, छापखाना सुटला आणि सिनेमाचं वेड लागलं. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे सुरतेत पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये! दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघणारा माणूस दीड तासाला तीन आणे कशाला मोजेल? मग फाळक्यांनी जाहिरात काढली: 57 हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, अवघे तीन आणे. हिशेब करून पाहा. चित्रपट 3,700 फुटांचा, फुटाला 16 चौकटी, म्हणजे 59 हजारांच्या घरात. फोटोंच्या बाबतीत गडी हात राखून बोलला. मैलांच्या बाबतीत मात्र बेधडक थाप. फीत पाऊण मैलही भरत नाही. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

1917-18 मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच आपल्या धडपडीची लेखमाला लिहिली. पुढे आपल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतल्या मतभेदांना कंटाळून ते काशीला निघून गेले आणि ‘रंगभूमी’ नाटक लिहीत बसले.

अशा वेळी ‘संदेश’ वृत्तपत्राचे अच्युतराव कोल्हटकर आले. ‘वत्सलावहिनींची पत्रे’ छापून वाचकांना चटक लावणारा हा संपादक. त्यांनी फाळक्यांना परत या म्हणून गळ घातली. उत्तर आलं, सिनेमापुरता मी मेलो. दुसरा कुणी हळहळला असता. अच्युतरावांनी ते पत्रच छापलं, वर मथळा: दादासाहेब फाळके मेले! पत्रकारितेच्या कोणत्याही नियमात न बसणारी ही खोडी. पण ती फळली. परत या, अशी वाचकांची पत्रं ‘संदेश’कडे येऊ लागली. अच्युतरावांनी ती छापली आणि अंक काशीला पाठवत राहिले.

फाळके नाशिकला परतले, त्याच कंपनीत पुन्हा रुजू झाले आणि कामाला लागले.