डेटाबेसमध्ये ‘अनडू’ नसतं! व्हेअर विसरलो आणि ९७ ओळी बदलल्या

एचटीएमएल आणि सीएसएस शिकून झालं की पुढचा टप्पा येतो डेटाबेसचा. तोपर्यंत चूक झाली तर फार काय होतं? बटण वाकडं दिसतं, रंग चुकतो. दुरुस्त करायचं, रिफ्रेश करायचं, विषय संपला. डेटाबेसमध्ये मात्र चूक दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या माहितीत होते. हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी चांगलंच कळलं.

नेमकं काय झालं?

आम्ही ज्यांच्याकडे जेवायचो, त्या मेसच्या काकांसाठी मी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये एक छोटी वेबसाइट बनवली होती. मेसला १४० मुलं, महिन्याची फी २,८०० रुपये. ‘सभासद’ नावाचं एकच टेबल. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ, म्हणजे रो, आणि आयडी, नाव, फी असे कॉलम.

एका रात्री एका मित्राने फी भरली, पण साइटवर ‘बाकी’च दिसत होतं. म्हटलं, थेट डेटाबेसमध्येच बदलून टाकू. पीएचपीमायअॅडमिन उघडलं आणि ही कमांड चालवली. (खरी कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, इथे वाचण्यासाठी देवनागरीत देतोय.)

अपडेट सभासद सेट फी = 'भरली';

स्क्रीनवर उत्तर आलं: ९७ ओळी बदलल्या. मला बदलायची होती एक! ४३ जणांची फी आधीच भरलेली होती, म्हणून त्यांच्या ओळी बदलायचा प्रश्नच नव्हता. बाकी सगळ्यांची फी एका क्षणात ‘भरली’ झाली. मित्र सोडला तर ९६ मुलांची बाकी, म्हणजे २ लाख ६८ हजार ८०० रुपये, हिशेबातून गायब. मी दोनदा कंट्रोल झेड दाबलं. अर्थात, काहीच झालं नाही.

चूक कुठे होती?

कमांड अशी हवी होती:

अपडेट सभासद सेट फी = 'भरली' व्हेअर आयडी = ३७;

‘व्हेअर’ म्हणजे अट: कोणत्या ओळींवर काम करायचं ते. अट नाही दिली तर डेटाबेस ‘सगळ्या ओळी’ असाच अर्थ घेतो. त्याच्या दृष्टीने कमांड अगदी बरोबर आहे, म्हणून एररही येत नाही. डिलीटचंही तसंच. व्हेअर विसरलात तर अख्खं टेबल रिकामं.

आणि मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट आधीपासून चालू असतं. म्हणजे कमांड चालली की बदल लगेच कायमचा.

मग काय करायचं? माझ्या चार सवयी

१. आधी सिलेक्ट, मग अपडेट. जी अट लावणार आहात, ती आधी सिलेक्टला लावून बघा: सिलेक्ट * फ्रॉम सभासद व्हेअर आयडी = ३७; एकच ओळ आली? तीच हवी होती? मग तीच अट उचलून अपडेटला लावा.

२. अट नावावर नको, आयडीवर. आमच्या मेसमध्ये ओंकार दोन होते. आयडी प्रायमरी की असतो, म्हणजे दोन ओळींना एकच आयडी मिळूच शकत नाही.

३. ट्रान्झॅक्शन वापरा. हेच डेटाबेसचं खरं ‘थांबा, बघतो’ बटण. आधी ‘बिगिन’ लिहा, मग अपडेट चालवा, किती ओळी बदलल्या ते बघा. बरोबर असेल तर ‘कमिट’, गडबड असेल तर ‘रोलबॅक’. रोलबॅक केलं की बिगिननंतरचे बदल रद्द. पण एकदा कमिट झालं की रोलबॅकचा उपयोग नाही. अजून एक गोष्ट: पीएचपीमायअॅडमिनमध्ये प्रत्येक वेळी कमांड चालवताना नवं कनेक्शन होतं, त्यामुळे बिगिन एकदा आणि रोलबॅक नंतर असं तिथे चालत नाही. यासाठी कमांड लाइन वापरा.

४. बॅकअप. मोठा बदल करण्याआधी टेबल एक्स्पोर्ट करून फाइल ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

फॉर्ममधूनही हाच धोका

तुमच्या साइटवर नाव शोधायचा फॉर्म आहे आणि युजरने टाइप केलेला मजकूर तुम्ही थेट व्हेअरच्या पुढे जोडता, असं समजा. कुणी त्यात नावाऐवजी ‘ऑर १ = १’ अशी अट घुसवली तर? एक बरोबर एक हे कायम खरंच, म्हणजे सगळ्या ओळी उघड्या! याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. यात कमांड आधी ठरते आणि युजरचा मजकूर फक्त माहिती म्हणून वेगळा जातो, तो कमांडचा भाग बनत नाही. पहिल्या प्रोजेक्टपासूनच ही सवय लावा.

सराव फोनवरच करा

लॅपटॉप नसला तरी अडणार नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस २००० साली आला आणि आज अँड्रॉइड व आयफोन दोन्हींमध्ये असतो. अँड्रॉइडवर टर्मक्स अॅपमध्ये एसक्यूलाइट इन्स्टॉल करा, पाच मित्रांच्या नावांचं टेबल बनवा. मग बिगिन लिहून मुद्दाम व्हेअर न लावता अपडेट चालवा. सिलेक्ट करून नुकसान बघा, रोलबॅक करा, परत सिलेक्ट करा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरणार नाही.

आणि काकांचं काय झालं? सकाळी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, गल्ल्याखालून एक लाल वही काढली. “वेबसाइट तू बनवलीस रे बाळा, पण लिहिणं मी बंद केलं नव्हतं.” दुपारपर्यंत बसून वहीतून एकेक नाव बघत ९६ जणांची बाकी परत भरली, प्रत्येक वेळी व्हेअर लावून. बॅकअप काकांकडे होता, माझ्याकडे नव्हता. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुणाची लाल वही नसेल, म्हणून आजच एक एक्स्पोर्ट करून ठेवा.