एरर नाही, तरी उत्तर चूक

प्रवेशफेऱ्या संपून इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुरू झालं की मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांनाही प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल असतंच. दोन वर्षं पीसीएमच्या तयारीत गेलेल्या अनेकांनी तोवर कोडची एक ओळही लिहिलेली नसते. सुरुवात ठरलेली: पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटवायचं. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८च्या पुस्तकाने ही प्रथा जगभर नेली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सोबतीला राहिलं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’.

मग एरर येतात. पाचव्या ओळीचा सेमिकोलन राहिला तर कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, अनेकदा सहाव्या ओळीवर बोट ठेवतो. मुलं सहावी ओळ पुन्हा पुन्हा वाचतात, तिथे काहीच चुकलेलं नसतं. विधान संपलं हे कंपायलरला सेमिकोलनवरून कळतं, ओळ बदलल्यावरून नाही. सेमिकोलन नसला की सहाव्या ओळीचा पहिला शब्द आधीच्याच विधानाला चिकटतो आणि गोंधळ तिथे उघड होतो. हे कुणी फळ्यावर समजावलं की बरीच भीती ओसरते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तर ते पहिल्याच तासाला सांगायला हवं. इंग्रजी संदेशांनी पडदा भरला की आपलं इंग्रजीच कच्चं, असं ती धरून चालतात. प्रत्यक्षात सुरुवातीला भेटणारे संदेश मोजकेच असतात, तेच ते.

मला जास्त काळजी वाटते ती एरर न देता चुकणाऱ्या प्रोग्रॅमची. टक्केवारीचंच घ्या. मिळालेले गुण ४५०, एकूण ५००. भागायचं आणि १०० ने गुणायचं. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, उत्तर येतं शून्य. दोन्ही संख्या पूर्णांक म्हणून घेतल्या की सी भागाकारही पूर्णांकातच करते आणि अपूर्णांकाचा भाग सोडून देते. आधी १०० ने गुणून मग भागलं तर ९० मिळतात. पण टर्बो सी या जुन्या कंपायलरवर तेही बिघडतं. तिथे पूर्णांकाला १६ बिट, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच जागा. मधला गुणाकार ४५,००० होतो, जागेत मावत नाही, उणे संख्येत जातो आणि टक्केवारी निघते उणे ४१.

उणे टक्के निदान डोळ्यांना खटकतात. आजच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात १३ चा फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १३ चा गुणाकार, काढला, तर ६,२२,७०,२०,८०० ऐवजी सहसा १,९३,२०,५३,५०४ येतं. दिसायला अगदी भारदस्त उत्तर! पण १ ते १३ च्या गुणाकारात ५ आहे, १० आहे, सम संख्या आहेत. शेवटी दोन शून्यं यायलाच हवीत. इथे शेवट ०४ आहे. हे ओळखायला शाळेतलं गणित पुरतं, फक्त उत्तराकडे संशयाने पाहायची सवय लागते. ती सवय आपण लावत नाही. जर्नलमध्ये ५ चा फॅक्टोरियल १२० एवढं आउटपुट उतरवलं की सही मिळते. सहीआधी सरांनी किंवा मॅडमनी ‘आता १३ घालून बघ’ म्हटलं, तर त्या दोन मिनिटांत मुलाला संगणकाच्या स्मृतीची मर्यादा कळेल.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला पायथन ही भाषा आणली. तिथे सेमिकोलनची सक्ती नाही, ४५० भागिले ५०० हे ०.९ येतं, १३ चा फॅक्टोरियलही बरोबर. मुलांना हायसं वाटतं. तरीही ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून पाहावी: ०.३०००००००००००००००४. एक तृतीयांश आपण दशांशात लिहू लागलो तर ०.३३३ पुढे संपत नाही. द्विमान पद्धतीत ०.१ चं तसंच होतं. संगणक ती संख्या ६४ बिटांत बसेल एवढीच ठेवतो. म्हणून दोन दशांश संख्या तंतोतंत सारख्या आहेत का, असं प्रोग्रॅमला विचारायचं नाही. त्यांच्यातला फरक आपल्या कामापुरता लहान आहे का, ते विचारायचं.