बोर्ड तीन, खिडकी एकच

टेबलावर आत्ता तीन बोर्ड पडलेत: आर्डुइनो ऊनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको. प्रत्येकाची वेगळी टूल्स उतरवून शिकत बसलो तर एलईडी लुकलुकायच्या आधीच रविवार संपायचा! म्हणून तिन्ही मी आर्डुइनो आयडीईतूनच चालवतो. बोर्ड मॅनेजरमधून त्या चिपचा ‘कोर’ एकदा टाकायचा, बोर्ड आणि पोर्ट निवडायचं, अपलोड. ‘डिजिटलराइट’ची ओळ तीच; ऊनोसाठी ती एव्हीआरच्या कंपायलरकडे जाते, पिकोसाठी एआरएमच्या. २००५ साली इटलीतल्या इव्रेआत सुरू झालेल्या या प्रकल्पाने बोर्डापेक्षा ही सोय मोठी दिली, असं माझं मत.

पण कोड डोळे झाकून उचलू नका. ऊनोवरचा दिवा १३ नंबरच्या पिनवर, साध्या पिकोवर २५ च्या. म्हणून आकड्याऐवजी ‘एलईडी_बिल्टइन’ लिहा. अ‍ॅनालॉग रीडिंग ऊनोवर १०२३ पर्यंत जातं, ईएसपी३२वर ४०९५ पर्यंत. मी ऊनोचा कोड तसाच ईएसपी३२वर टाकला, तर ओलाव्याचा सेन्सर भिजलेल्या कुंडीलाही ‘कोरडी’ म्हणू लागला आणि पंपाने तुळस पार बुडवली. आणि हो, ५ व्होल्टची वायर पिकोच्या ३.३ व्होल्टच्या पिनला लावलीत, तर तिथे कुठलंच सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.